आमची जुनी कॅसेट

या पानावर मी वर्षभर निरनिराळ्या विषयांवर आपली मते मांडत असतो आणि वाचक ती निमूटपणे सोसत असतात. दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते, घरोघरी फराळाचे डबे उघडलेले असतात, वाचकांची वृत्तीही थोडी क्षमाशील झालेली असते. तेव्हा इतके दिवस दडवून ठेवलेली एक गोष्ट आज कबूल करून टाकावी म्हणतो. मी चाळिशी गाठलेला, एका मुलीचा बाप असलेला, घराचे हप्ते वेळच्या वेळी भरणारा गृहस्थ आहे; आणि मला व्हिडिओ गेम खेळण्याचा नाद आहे.

बरे, नाद तरी अद्ययावत असावा! तोही नाही. माझ्या भाच्याच्या खोलीत रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारा संगणक आहे. त्यावरच्या खेळांत पाऊस खऱ्यासारखा पडतो आणि घोड्याच्या आयाळीतला केस न् केस दिसतो. परवा त्याने मोठ्या आपुलकीने विचारले, "मामा, तुझा सगळ्यांत आवडता गेम कुठला?"

मी म्हणालो, "बायनरी लँड."

त्याने नाव दोनदा विचारून घेतले, फोनवर शोधले, चित्र पाहिले आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचत बसलो आहे! "मामा, यात नुसते दोन पेंग्विन आहेत!"

तर त्या दोन पेंग्विनांची आणि त्यांच्या भाऊबंदांची बाजू मांडण्यासाठी आजचा हा लेख. रामायण आपणा सर्वांना तोंडपाठ असते. पण लक्ष्मण वनात गेल्यावर अयोध्येत ऊर्मिलेची चौदा वर्षे कशी गेली, हे विचारायला फार थोडे लोक थांबले. खेळांच्या दुनियेतही तसेच आहे. मारियोला सारे जग ओळखते. कॉन्ट्रातले दोन बंदूकवाले आमच्या पिढीतल्या कुणाही पोराला झोपेतून उठवून विचारले तरी आठवतील. त्यांचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण त्यांच्याच पंगतीत, यादीच्या खालच्या टोकाला, काही ऊर्मिला मुकाट्याने बसल्या होत्या. त्यांची विचारपूस कुणी केली नाही.

या खेळांची आणि माझी गाठ पडली ती विट्याला. विटा हे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे ठिकाण. भाग दुष्काळी. टेंभू योजनेचे पाणी या बाजूला आले ते पुष्कळ उशिरा. तोवर शेतीचा भरवसा नव्हता. म्हणून इकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे जुने दागिने आणि मोड मुशीत वितळवून त्यातले सोने-चांदी शुद्ध करून देणे. भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा. एखाद्या बोळात, भट्टीच्या धगीशी, खानापूर-आटपाडीकडचा माणूस बसलेला सापडण्याचा संभव फार आहे. गावात म्हातारी माणसे, बायका आणि पोरे. आणि कर्ते पुरुष मुलूखभर पांगलेले, अशी आमच्या भागातल्या पुष्कळ घरांची रीत होती.

आमचे वडील, आण्णा, तामिळनाडूत कोइमतूरला होते. सोन्याच्या धंद्यात दिवाळी म्हणजे ऐन हंगाम. धनत्रयोदशीची गर्दी उरकून ते गाडीत बसत आणि भाऊबीजेला, कधी तिच्याही दुसऱ्या दिवशी, विट्याच्या स्टँडवर एस.टी.तून उतरत. साऱ्या आळीची दिवाळी संपत आली की आमची सुरू व्हायची. आई फराळाचा एक डबा आण्णांसाठी वेगळा काढून ठेवी आणि त्या डब्याला हात लावणाऱ्याची खैर नसे. तुळशीचे लग्न लागले की आण्णा परत निघत. पंधरवड्याचा पाहुणा म्हणा ना!

1995 साली मी अकरा वर्षांचा होतो. त्या दिवाळीला आण्णांच्या पिशवीतून एक खोके निघाले. त्यात एक राखाडी-पांढरे यंत्र, वायरीचे शेपूट असलेले दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट होती. कॅसेटवर मोठ्या आकड्यांत छापले होते, की आत 9999 खेळ आहेत. मी आणि ताईने दोन दिवस बसून मोजदाद केली. खरे वेगळे खेळ निघाले 21! बाकीचे सारे तेच खेळ नावे बदलून, कपडे बदलून पुन्हा रांगेत उभे राहिलेले. आण्णा हसून म्हणाले, "21 टंच माल आणि बाकी तांबं. बाजारात यापेक्षा वाईट पाहिलंय."

पुष्कळ वर्षांनी मला कळले, की ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीने 1983 साली काढलेल्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राची नक्कल होती. असली नकली यंत्रे त्या काळी हिंदुस्थानभर, किंबहुना अर्ध्या जगभर विकली जात. अस्सल माल आमच्यापर्यंत पोचलाच नाही. पण नकली डब्यातून आलेले खेळ मात्र अस्सल होते.

आता त्या उपेक्षितांची ओळख करून देतो.

पहिला रोड फायटर. कोनामी कंपनीचा, मूळचा 1984 सालचा. एक तांबडी मोटार, सरळ रस्ता आणि पुढे रहदारी. एवढेच! यात कुणाला मारायचे नाही, राजकन्या सोडवायची नाही. कोपऱ्यात पेट्रोलचा आकडा सारखा घटत असतो. धडक बसली की मोटार फुटते, पुन्हा उभी राहते, पण पेट्रोल गेले ते गेले. मधूनच एक रंगीत गाडी येते. तिला नेमके गाठले तर थोडे पेट्रोल पदरात पडते. मोटार घसरू लागली आणि वेळेवर उलट बाजूला चाक वळवले तर ती सावरते. घाबरून दोन्हीकडे वळवले तर कठड्यावर जाते. मध्यमवर्गीय संसाराचे इतके हुबेहूब चित्र मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिलेले नाही. महिन्याच्या 25 तारखेनंतर मला अजून कोपऱ्यात तो आकडा दिसतो.

दुसरा लोड रनर. डग्लस स्मिथ नावाच्या अमेरिकन तरुणाने तो रचला आणि 1983 साली तो बाजारात आला. आमच्या यंत्रावरची आवृत्ती जपानच्या हडसन कंपनीची, पुढच्याच वर्षाची. यात एक माणूस शिड्या चढत, दोरांना लोंबकळत सोने गोळा करीत फिरतो. विट्याच्या पोराला सोने गोळा करायचा खेळ मिळावा, हा केवढा योग! पाठीवर पहारेकरी. हातात शस्त्र नाही. फक्त डाव्या किंवा उजव्या बाजूची वीट खणून खड्डा करता येतो. पहारेकरी त्यात पडला तर त्याच्या डोक्यावरून चालत जायचे; त्याने सोने उचलले असेल तर ते तो तिथे टाकतो. थोड्या वेळाने खड्डा आपोआप बुजतो आणि आपणच आत असलो तर आपणही बुजतो! मूळ खेळात 150 डाव होते, शिवाय स्वतः डाव रचण्याची सोय होती. पळण्याचा खेळ म्हणून पोरे तो सुरू करीत आणि विचार करावा लागतो हे कळताच बंद करीत. म्हणून तो मागे पडला.

तिसरा बलून फाइट, निन्टेंडोचाच, 1985 चा. पाठीला दोन फुगे बांधून माणसे हवेत तरंगतात आणि एकमेकांचे फुगे फोडतात. पाण्याच्या फार जवळ गेले की मासा गिळतो. दोघांनी मिळून खेळायचा. पण सोबत्याचाही फुगा फुटू शकतो, ही त्यातली मेख. ताईने माझे फुगे "चुकून" किती वेळा फोडले याचा हिशेब मी ठेवला आहे आणि दर राखीपौर्णिमेला तो सादर करतो. या खेळाचा कार्यक्रम ज्याने लिहिला तो सातोरू इवाता पुढे 2002 साली निन्टेंडोचा अध्यक्ष झाला. मारियो पाण्यात ज्या डौलाने पोहतो ती तरंगण्याची युक्तीही याच फुग्यांवरून घेतलेली. म्हणजे कीर्ती मारियोला आणि कष्ट फुगेवाल्याचे!

चौथा बॅटल सिटी. नामको कंपनीचा, 1985 चा. आम्ही त्याला "रणगाडा" म्हणत असू. याला उपेक्षित म्हटले तर आमच्या पिढीतले लोक माझ्यावर धावून येतील, कारण गल्लोगल्ली तो खेळला गेला. पण जगात थोर खेळांच्या याद्या निघतात तेव्हा त्यांत याचे नाव सहसा नसते, म्हणून इथे घेतो. विटांच्या भिंती, मधून फिरणारे रणगाडे आणि पडद्याच्या तळाशी आपला गरुड. गरुड फुटला की डाव संपला. शत्रूच्याच नव्हे, आपल्याही गोळीने तो फुटतो.

इथे थोडे घरचे सांगितले पाहिजे. आण्णा आणि मी एकमेकांना फारसे ओळखत नव्हतो. दर वर्षी पंधरवडाभर घरात राहणारा एक मोठ्या आवाजाचा, हाताला भट्टीचे चटके असलेला माणूस, एवढीच माझी त्यांच्याविषयी कल्पना. "अभ्यास कसा चाललाय?" "बरा." एवढ्यावर आमचे संभाषण संपायचे आणि मग दोघेही सुटलो म्हणून निश्वास टाकायचे. त्या दिवाळीत आण्णा दुसरा रिमोट घेऊन माझ्याशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. पहिल्याच डावात त्यांनी शत्रूकडे पाठ फिरवून आपला गरुड स्वतःच फोडला. दुसऱ्या डावात मला गोळी मारली. या खेळात सोबत्याची गोळी लागली की माणूस मरत नाही, पण काही वेळ जागच्या जागी थिजतो. मी ओरडलो, "आण्णा, मी आपल्यातला आहे!" ते केवढ्याने तरी हसले. मी त्यांना इतके हसताना तोवर पाहिले नव्हते. तुळशीच्या लग्नापर्यंत आम्ही कितव्या डावावर पोचलो ते आता आठवत नाही. मात्र "तू डावीकडं बघ, मी गरुड संभाळतो" हे वाक्य आमच्या घरात अजून चालते. परवा बँकेच्या कामाला गेलो असता त्यांनी तेच वाक्य उच्चारले आणि मी मुकाट्याने डाव्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो!

आणि आता बायनरी लँड. हडसन कंपनीने तो 1983 साली घरगुती संगणकांसाठी काढला आणि 1985 साली फॅमिकॉमवर आणला. दोन पेंग्विन, एक नर आणि एक मादी. मधे एक भिंत. एक या बाजूला, दुसरा त्या बाजूला. वर मध्यभागी एक बदाम. दोघांना दोन बाजूंनी एकाच वेळी त्या बदामापाशी आणायचे. मौज अशी, की रिमोट एकच आणि तो दोघांनाही हलवतो, पण आरशातल्यासारखा. हा उजवीकडे गेला की ती डावीकडे जाते. वर-खाली मात्र दोघे बरोबर. वाटेत कोळ्याची जाळी. एक जाळ्यात अडकला तर दुसऱ्याने येऊन सोडवायचे. दोघेही अडकले तर संपलेच.

पोरांना हा खेळ कधी आवडला नाही. यात धुमश्चक्री नाही. मीही दोनदा खेळून सोडून दिला होता. आई तर सगळ्याच खेळांच्या विरुद्ध. "डोळे फुटतील," "टीव्ही जळंल," "शाळेतून नाव काढतील," अशी तीन भाकिते ती वाती वळता वळता रोज करी. तुळशीचे लग्न झाले, आण्णा कोइमतूरला गेले. एके दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आलो, तर बाहेरूनच ओळखीचे संगीत ऐकू आले. दार लोटले. आई पदर खोचून टीव्हीसमोर बसली होती आणि तिच्या हातात रिमोट होता! तिने दचकून तो सूपाखाली लपवला. "धूळ पुसत होते," ती म्हणाली. पडद्यावर नववा डाव चालू होता. धूळ पुसता पुसता नववा डाव गाठणे कुणालाही सोपे नाही!

मग ती उघड उघड खेळू लागली. दुपारची झाकपाक झाली की अर्धा तास. तो एकच खेळ. ती त्यांना "बदकं" म्हणे. मी चौथ्या डावापुढे जात नसे. ती विसाव्याच्या घरात जाई. मी तिला युक्ती विचारली. ती म्हणाली, "आरं, तू एकाकडंच बघतोस. त्याला पळवत नेतोस आणि दुसरं बिचारं जाळ्यात जातंय. दोघांकडं बघावं लागतं. जे पुढं गेलंय त्याला भितीला टेकवून ठेवायचं, ते तिथंच पाय हलवत राहतंय, आणि तेवढ्यात मागच्याला आणायचं."

मी करून पाहिले आणि पाचवा डाव सुटला. या खेळाचे सारे मर्म त्यात आहे. इतर खेळांत भिंत म्हणजे अडथळा. इथे भिंत आहे म्हणूनच दोघांची गाठ पडते. कारण पुढे गेलेल्याला थांबायला तीच जागा असते. दोन पेंग्विन आणि एक बदाम, इतक्या सामग्रीत हे बसवणारा माणूस थोर असला पाहिजे. आई तेव्हा आणखी काही बोलली नाही आणि मीही अकरा वर्षांचा होतो. कोइमतूर नकाशात कुठे आहे एवढे मला ठाऊक होते. आईच्या दृष्टीने ते कुठे होते याचा विचार मी केला नव्हता.

कुणी म्हणेल, हे सारे बालपणीच्या आठवणींचे कौतुक आहे. आठवणीतला आंबा नेहमीच हापूस असतो. आक्षेप रास्त आहे. पण आमच्या विट्यात "जुने ते सोने" ही म्हण फारशी चालत नाही. जुन्या दागिन्यात सोने किती आणि तांबे किती, हे मुशीत घातल्याशिवाय कुणी सांगत नाही. त्या 21 खेळांतही तांबे भरपूर होते. काही इतके आडमुठे, की पहिल्या पावलालाच मरण यावे. काहींत तोच तो पडदा पुन्हा पुन्हा येई. ते मी पदरचे पैसे घेऊनही आज खेळणार नाही. माझी कसोटी साधी आहे. नियम एका दमात सांगता यावा. हरलो तर चूक आपली होती हे कळावे. आणि शेजारी वाती वळत बसलेल्या माणसालाही त्यात तोंड घालावेसे वाटावे. वर सांगितलेले खेळ या मुशीतून निघाले आहेत.

ते असे का झाले, याचेही कारण आहे. त्या यंत्राची काम करण्याची स्मृती अवघी 2 किलोबाइट. मारियोचा सगळाच्या सगळा खेळ 40 किलोबाइटांत बसवलेला. आज फोनवर काढलेला एक फोटो सहज त्याच्या शंभरपट भरतो! त्यामुळे करणाऱ्यांना काटकसर करावी लागे. मारियोतले ढग आणि झुडपे नीट पाहा. आकृती तीच आहे, ढगाला पांढरा रंग आणि झुडपाला हिरवा. आदल्या दिवशीच्या भाताचा दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला ही विद्या नवी नाही. निन्टेंडोमध्ये गुन्पेई योकोई नावाचा एक कल्पक गृहस्थ होता. 1965 साली तो कारखान्यातली यंत्रे दुरुस्त करायला नोकरीस लागला आणि पुढे खेळणी करू लागला. रिमोटवरचे ते अधिक चिन्हासारखे बटण त्याचेच. त्याचे म्हणणे असे, की तंत्र नवे कोरे नसले तरी चालेल. जुने, स्वस्त, सर्वांना माहीत झालेले तंत्र घ्यावे आणि विचार मात्र आडवाटेने करावा. 1989 चा गेम बॉय त्याने असाच केला. ही शिकवण खेळांपुरतीच आहे असे मला वाटत नाही.

आणखी एक गुण सांगायचा राहिला. या खेळांत डाव जपून ठेवायची सोय नव्हती. विट्यात यंत्रमाग घरोघरी. दिवसभर त्यांचा खडखडाट कानांत बसलेला असे. तो एकाएकी थांबला, की पंख्याकडे न पाहताही वीज गेली हे कळायचे. मग वीज येईल तेव्हा सारे पहिल्यापासून. त्यामुळे अर्ध्या तासात आटोपणारे खेळच आमच्या गावाला मानवत. आजचे खेळ शंभर शंभर तास चालतात आणि तुमचा प्रत्येक पराक्रम साठवून ठेवतात. आमचा पराक्रम महावितरणाच्या पूर्वीच्या वीज मंडळाच्या काळातला. तो दिव्याबरोबर मालवायचा!

एरव्ही मी इतक्या आग्रहाने हे लिहिले नसते. पण हे खेळ नाहीसे होत आहेत. जुने पुस्तक वाळवी लागेपर्यंत कपाटात राहते आणि डोळे असले की वाचता येते. खेळाचे तसे नाही. त्याला यंत्र लागते. आमच्या खोक्यातल्या बंदुकीचेच घ्या. डक हंट या 1984 च्या खेळात तिने बदके मारायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. ही सारी करामत जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीच्या नळीवर अवलंबून होती. आजच्या चपट्या टीव्हीवर बंदूक आंधळी होते. अमेरिकेत खेळांचा इतिहास जपणारी एक संस्था आहे. तिने 2023 साली पाहणी केली, तेव्हा त्या देशात 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आता बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत असे आढळले. मारियो राहील, त्याला राखणारे पुष्कळ आहेत. जातील ते यादीच्या खालचे.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर असे एखादे खोके सापडले तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा जोडून पाहा. कॅसेटच्या पितळी दातांवरची धूळ मऊ फडक्याने पुसा. आम्ही तोंडाने फुंकर मारायचो, ती मारू नका. वाफेने ते दात गंजतात. आणि खेळताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा.

मी गेल्या दिवाळीत तेच केले. आण्णांनी कोइमतूरचे दुकान 2014 साली भागीदाराला देऊन टाकले आणि ते कायमचे विट्याला आले. तीस वर्षे पंधरवड्याचा पाहुणा असलेला माणूस आता रोज घरात! पहिली दोन वर्षे दोघांनाही जड गेली, हे मुलगा म्हणून मला दिसत होते. त्यांच्या चहाची वेळ निराळी, आईची निराळी. ते बातम्या लावायचे, ती उठून परसात जायची. भांडण म्हणावे तर तेही नाही. हळूहळू बसत गेले.

माळ्यावरून खोके काढले. टीव्ही नवा होता, पण पिवळ्या आणि पांढऱ्या वायरींची भोके त्याला अजून होती. मुलीने आजीला विचारले, "आजी, यातला तुला कुठला येतो?" आईने चष्मा लावला, यादीत खाली खाली जाऊन नेमके बोट ठेवले. दोन पेंग्विन पडद्यावर आले. आईची बोटे आता दुखतात, म्हणून रिमोट आण्णांनी घेतला आणि आई शेजारी बसून सांगू लागली. आण्णांनी नेहमीप्रमाणे एकालाच घाईने वर पळवले. दुसरे जाळ्यात जायला लागले.

"अहो, थांबा जरा," आई म्हणाली. "पुढच्याला भितीला टेकवा. मागचं येऊ दे की."

आण्णा थांबले. एक पेंग्विन भिंतीशी पाय हलवत उभा राहिला. दुसरा आडवळणाने, कोळी चुकवत येऊ लागला. माझी मुलगी श्वास रोखून पाहत होती. दोघे बदामाच्या दोन बाजूंना आले, एक पाऊल उरले आणि बाहेरचे माग एकदम थांबले. पडदा काळा झाला.

"गेली!" मुलगी रडकुंडीला आली. "आता पुन्हा पहिल्यापासून?"

अंधारात आण्णा रिमोट हातात धरून तसेच बसले होते.

"असू दे की," ते म्हणाले. "आली की लावू पहिल्यापासून. मला आता कुठं जायचंय?"